ओळीतलं प्रत्येक घर

कुष्ठरोगाच्या कामावर नवीन पोरगा रुजू झाला की मी त्याला सगळ्यात आधी गावात शिरायचं कसं ते सांगत असे. चट्टा कसा ओळखायचा, नस कशी चाचपायची, रजिस्टर कसं भरायचं हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. गावाच्या पहिल्या घरापासून सुरुवात करायची आणि एकही दार गाळायचं नाही, हेही शिकवतात. पण ते का, हे गावात फिरल्याशिवाय उमगत नाही. आपण एका घरात गेलो आणि त्याच्या आजूबाजूच्या दोन घरांत गेलो नाही, तर त्या घराचं नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईला विहिरीवर जागा मिळत नाही. आठवड्याने दुकानदार तिला पैसे हातात न देता ओट्यावर ठेवायला सांगतो. पोरीची सोयरीक जुळली असेल तर ती मोडते. म्हणून पाटलाचं घर, गुरुजींचं घर, दुकानदाराचं घर, पुजाऱ्याचं घर, सगळी घरं घ्यायची. सगळ्यांना सदरा काढायला लावायचा. सगळ्यांच्या दारी गेलं तरच एकाच्या दारी जाता येतं. माझ्या नोकरीचं सार विचाराल तर एवढंच आहे, आणि माझ्या श्रद्धेचंही.

वर्धा जिल्ह्यात १९७४ साली मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून कामाला लागलो आणि २००९ साली तिथूनच निवृत्त झालो. आर्वी, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतले रस्ते मी आधी सायकलवर आणि मग मोटारसायकलवर तुडवले. आता पंचाहत्तरीला टेकलो आहे. नातू विचारतो, "आबा, तुम्ही डॉक्टर होते का?" त्याला सांगतो, नाही बाबू, गोळी डॉक्टर लिहून देत. ती ज्याची त्याच्यापर्यंत, दुसऱ्या कुणाला दिसू न देता पोचवायची, हे माझं काम.

हे सगळं नोकरीने शिकवलं असं मी म्हणत नाही. नोकरीच्या आधी बाबांनी शिकवलं होतं.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. कोरडवाहू शेती, कापूस, तूर, ज्वारी. पुलगावहून आर्वीला जाणारी शकुंतला रेल्वे तेव्हा चालू होती आणि बाबा तिनेच बाहेरगावी जात. बाबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. महाराजांची खंजिरी त्यांनी मोझरीच्या आश्रमात समोर बसून ऐकली होती. महाराजांची 'ग्रामगीता' आमच्या देवघरात विठ्ठलाच्या तसबिरीखाली लाल फडक्यात असायची. पहाटे रामधून निघायची, सोबत गावसफाई. हातात खराटा घेतल्याशिवाय बाबांचा दिवस उजाडत नसे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. ती देवळाच्या गाभाऱ्यासमोर होत नसे, मोकळ्या जागेत होत असे. सडा टाकलेली जमीन, सरळ ओळी, ताठ पाठ, डोळे मिटलेले. कोण कोणत्या जातीचा, कुणाची किती जमीन, हे त्या ओळीत विचारायचं नाही. निदान तसं ठरलेलं होतं.

गावात एक म्हातारा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. हाताची बोटं झडलेली, एका पायाला कायम चिंधी बांधलेली. तो प्रार्थनेला यायचा, पण ओळीत बसायचा नाही. पलीकडच्या निंबाच्या बुंध्याशी बसायचा आणि तिथूनच म्हणायचा. कुणी त्याला हाकललं नव्हतं. तशी वेळच त्याने येऊ दिली नव्हती. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. एका संध्याकाळी बाबांनी आपलं आसन उचललं आणि निंबाखाली त्याच्या शेजारी नेऊन टाकलं. कुणाला काही बोलले नाहीत, भाषण केलं नाही, मलाही बोलावलं नाही. प्रार्थना झाली, उठले, घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मंडळाच्या मुख्य ओळीत आणि बाबांमध्ये बरीच जागा मोकळी राहायची आणि ती सगळ्या गावाला दिसायची. पुढे माझे काका जाऊन बसले. मग एक शिंपी. मग शाळेचे गुरुजी. पावसाळा संपेपर्यंत ओळच निंबापर्यंत लांबली होती. म्हातारा जागचा हलला नव्हता आणि तरी तो ओळीत आला होता.

घरी मात्र आईला हे सोपं गेलं नाही. ती माळकरी, माहेर कौंडण्यपूरकडचं, रुक्मिणीच्या पालखीला जाऊन आलेली. सोवळंओवळं तिच्या अंगात मुरलेलं. बाबा निंबाखालून आले की ती अंगणातच त्यांच्या हातापायांवर पाणी घालायची. बाबा मुकाट्याने धुऊन घ्यायचे. तिच्याशी त्यांनी कधी वाद घातला नाही. पुढे मी या कामाला लागलो तेव्हा माझ्यासाठीही अंगणात बादली भरून ठेवलेली असायची. ती बादली कधी बंद झाली ते आठवत नाही, पण बंद झाली; आणि नंतर तर एका रुग्ण बाईचे भेगाळलेले पाय आईने आमच्या ओसरीत बसवून स्वतः तेलाने चोळलेले मी पाहिले. माणसाला वेळ दिला की तो बदलतो, यावर माझा विश्वास तिथून बसला.

तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. बाबा मोझरीला जाऊन आले आणि काही दिवस जेवणात गोड घेईनात. मी मॅट्रिक झालो, थोडं कॉलेज केलं, आणि कुष्ठरोगाच्या कामासाठी माणसं घेतात असं कळल्यावर अर्ज टाकला. गावात लोक हळहळले. "चांगला शिकलेला पोरगा, काहून असल्या कामात घालता?" बाबा एवढंच म्हणाले, "त्याले ओळीत बसता येते."

वर्धा हे या कामाचं माहेर आहे, हे मला ट्रेनिंगमध्ये कळलं. दत्तपूरचं कुष्ठधाम मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली सुरू केलं, विनोबांच्या पाठबळावर. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे मोठे पंडित, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना तिथेच कैदेत असलेले आणि कुष्ठरोगाने पोखरलेले. गांधीजींनी त्यांना आश्रमात कुटी दिली आणि रोज स्वतःच्या हाताने मालीश केलं. गांधीजी गेल्यानंतर, १९५१ साली, वर्ध्यालाच गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभं राहिलं. डॉक्टर वर्देकरांनी तिथे जी पद्धत बसवली तिचे तीन भाग: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रोग्याला गावाबाहेरच्या वसाहतीत नेण्याऐवजी गोळी त्याच्या घरी न्यायची. आमच्या सगळ्या पिढीचं काम त्या पायवाटेवरून चाललं. बाजूलाच वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन. ही मोठी माणसं आणि मोठी कामं. त्यांनी घरातून बाहेर काढलेल्यांना घर दिलं. आमच्यासारख्यांचं काम त्याच्या आधीचं होतं: माणूस घराबाहेर पडूच नये एवढं बघायचं.

तपासणी कशी असायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण आता ती तशी फारशी पाहायला मिळत नाही.

उजेड लागतो, आणि तो सूर्याचा लागतो. बल्बच्या उजेडात फिका चट्टा हरवतो. म्हणून सकाळी ओसरीत किंवा अंगणात पोराला उभं करायचं, पाठ उजेडाकडे. आधी लांबूनच पाहायचं. आजूबाजूच्या कातडीपेक्षा कुठे रंग उतरलाय का, तांबूस झालाय का. भुवया विरळ झाल्यात का, कानाची पाळी जाड लागते का. मग पोराला बॉलपेन दाखवायचं, त्याच्या हातावर हलकंसं टेकवायचं आणि सांगायचं, असं लागलं की जिथे लागलं तिथे बोट ठेव. हे डोळे उघडे असताना एकदा करून घ्यायचं, म्हणजे त्याची भीती जाते. मग डोळे मिटायला लावायचे. चांगल्या कातडीवर पेन टेकलं की बोट बरोबर तिथे जातं. चट्ट्यावर टेकलं की बोट जागचं हलत नाही. पोरगं डोळे मिटून वाट पाहत उभं असतं, आणि त्याला वाटत असतं की आपण अजून पेन टेकवलंच नाही.

तो क्षण मला सगळ्या नोकरीत कधी अंगवळणी पडला नाही. पोराची आई समोर उभी असायची आणि तिला पेन टेकलेलं दिसत असायचं.

मग कोपराच्या मागे बोट घालून नस चाचपायची. निरोगी नस बोटाखाली निसटते. सुजलेली नस सुतळीसारखी लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूलाही एक असते. ती दुखावली की पाऊल उचलत नाही, कोपराची दुखावली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत जातं. रोग जंतूमुळे होतो, नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली तो पाहिला. पण बोटं जंतू खात नाही. बधिर हाताला विस्तव कळत नाही, चहाचा पेला कळत नाही, रात्री उंदीर कुरतडतो तेही कळत नाही. जखम होते, चिघळते, हाड सडतं. म्हणून लवकर शोधलं तर पुढचं सगळं टळतं. या एका गोष्टीसाठी आम्ही गावं पालथी घालत होतो.

मी लागलो तेव्हा हातात एकच औषध होतं, डॅप्सोन. ते वर्षानुवर्षं खायचं, कुणाकुणाला जन्मभर. दहा वर्षं गोळी खाऊन चट्टा तसाच असलेला माणूस मला विचारायचा, "भाऊ, हे कधी सरते जी?" त्याला द्यायला उत्तर नव्हतं. पुढे कळलं की कितीतरी जणांचे जंतू त्या गोळीला दाद देईनासे झाले होते. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला: रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन एकत्र. देशात ज्या जिल्ह्यांपासून तो सुरू झाला त्यांत आमचा वर्धा होता. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर आधी दोन वर्षं आणि पुढे पुढे एकच वर्ष. महिन्याचा मोठा डोस आमच्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्यांचं पाकीट घरी न्यायचं. औषध सुरू झालं की रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ संपते. रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं अडकलेल्या नावांपुढे 'आर.एफ.टी.', म्हणजे उपचार पूर्ण, असं लिहायला लागलो तेव्हा आमच्यातल्या जुन्या माणसांचेसुद्धा हात थरथरले. मी त्या रात्री बाबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: आनंद झाला, आता पायांकडे बघा.

बाबांचं बरोबर होतं. जंतू मरतो, मेलेली नस परत येत नाही.

औषधाच्या पण अडचणी होत्या. रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते. पहिल्या महिन्यात माणूस घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकायचा. ते आधीच सांगून ठेवावं लागे. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते. आजारापेक्षा हे काळवंडणं जास्त बोभाटा करायचं, कारण गोरी सून चार महिन्यांत काळी दिसायला लागली की शेजारणी विचारणारच. उपचार संपल्यावर रंग हळूहळू परत येतो, पण ते तिने कुणाकुणाला सांगायचं? अशा बायांना मी एकच सांगत असे: शेतात निंदणाला जाता ना, मग उन्हाने रापलं म्हणा. खोटं बोलायला शिकवलं, हो. त्याबद्दल मला देवापुढे कधी मान खाली घालावीशी वाटली नाही.

औषधवाटपाची जागा हीसुद्धा विचार करून निवडायची गोष्ट होती. दवाखान्याची पाटी लावून बसलं की पाटी पाहून रोगी मागे फिरतो. आम्ही आठवडी बाजाराचा दिवस धरला. बाजारात सगळं जग येतं. कोण कुणाशी बोललं याचा हिशेब कोण ठेवतो? एका कडेला, बियाणं विकणाऱ्यांच्या पलीकडे, मी झाडाखाली पिशवी घेऊन बसायचो. माणूस भाजी घेत घेत यायचा, मांडीशी मांडी लावून बसायचा, पाणी प्यायच्या निमित्ताने गोळ्या गिळायचा आणि पाकीट कांद्याखाली घालून निघून जायचा. काही जण मुद्दाम आपला बाजार सोडून लांबच्या बाजाराला यायचे. कागदोपत्री ते चुकीचं होतं, रुग्ण आपापल्या केंद्रालाच पाहिजे. मी वरच्यांशी भांडून ते चालवून घेतलं.

चपलांचं असंच. बधिर पायासाठी एम.सी.आर. रबराची मऊ चप्पल येते. संस्थांमधून यायची ती एकाच रंगाची, एकाच पट्ट्यांची. पाय वाचायचा आणि माणूस ओळखू यायचा. कितीतरी जणांनी ती घरात आढ्याला टांगून ठेवली आणि अनवाणी फिरले. आमच्या भागातल्या एका चर्मकार मामांना मी तो मऊ तळ नेऊन दिला. त्यांनी त्यावर साधे कातडी पट्टे चढवले, गावातला कुणीही घालेल अशी चप्पल करून दिली, आणि एकासाठी नाही, मागेल त्याला करून देऊ लागले, रोगी असो नसो. पाटलाच्या मुलानेही एक जोड केला. तेव्हापासून आढ्याच्या चपला खाली उतरल्या. मामांनी मजुरी घेतली ती गावात घेत तेवढीच.

इथे श्रद्धेचं बोलायला हवं, कारण लोक मला ते फार विचारतात. "तुम्ही प्रार्थनेला बसता, मग देवाने यांना हे का दिलं?" बाहेरचे तर विचारतातच, रोगीही विचारायचे. समुद्रपूरकडच्या एका आजीने माझा हात धरून विचारलं होतं, "भाऊ, मागच्या जल्मी मी काय केलं असन?" मी तिला जंतूचं सांगितलं. शंभरातल्या जवळजवळ पंचाण्णव जणांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद मुळातच असते, उरलेल्यांना तो गाठतो आणि गाठल्यावरही वर्षानुवर्षं दडून बसतो, यात पाप-पुण्याचा काही संबंध नाही, असं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग देव कायले डोळे मिटून बसला?" मी गप्प बसलो. आजही माझ्यापाशी तिला सांगण्यासारखं काही नाही. एवढं मात्र पक्कं सांगतो: मागच्या जन्माचं पाप ही गोष्ट सांगून मी एकाही रोग्याचं समाधान केलं नाही, आणि दुसऱ्या कुणी माझ्यादेखत सांगितली तर सांगू दिली नाही, मग तो कीर्तनकार का असेना. माझी श्रद्धा शेजारी बसण्याची आहे. का बसायचं याचं कारण मला बाबांनी दिलं नव्हतं, मीही शोधत बसलो नाही.

माझ्या कामाची किंमत घरच्यांनी जास्त मोजली. धाकट्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी चहा घेतला आणि मग विचारलं, "तुमचा मुलगा महारोग्यायत असते म्हणे?" बाबा म्हणाले, "असते. अन् घरी आला की आमच्याच ताटाशी जेवते." पाहुणे उठले. आई त्या रात्री रडली, बहीण रडली नाही. तिचं लग्न दोन वर्षांनी मोझरीच्या ओळखीतल्या घरात झालं आणि चांगलं झालं.

माझी पत्नी हिंगणघाटकडची. लग्नाआधी तिच्या वडिलांना मी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. ती बालवाडीत शिकवत होती, नंतर अंगणवाडी सेविका झाली. या कामातला माझ्या हाताबाहेरचा अर्धा भाग तिने केला. पुरुष कर्मचारी बाईची पाठ कशी पाहणार? आमच्याकडे बायका कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. बायांमधले चट्टे त्यामुळे उशिरा सापडायचे, बोटं वळल्यावर. सुट्टीच्या दिवशी ती माझ्यासोबत यायला लागली. तिची रीत वेगळी होती. ती कुणाला 'तपासते' असं म्हणत नसे. डोक्याला तेल लावून द्यायची, लेकराला न्हाऊ घालायला बसायची, बांगड्या भरताना हात पाहायची. अंगणवाडीत वजनाचा दिवस असला की उघड्या अंगाच्या लेकरांवरून तिची नजर एकदा फिरायचीच. शंका आली तर त्या आईला काही न बोलता मला येऊन सांगायची, आणि मग मी पुढच्या आठवड्यात त्या गल्लीतल्या सगळ्या घरांना जायचो. सगळ्या. आमच्या दोघांत हा न बोलता झालेला करार होता. तिला याचा एक पैसा मिळाला नाही, कुठल्या रजिस्टरमध्ये तिचं नाव नाही. ते इथे लिहून ठेवायचं म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला.

ती जाऊन आता काही वर्षं झाली. तेरवीला माणसं आली, त्यांत एक साठीची बाई मुलगा, सून, नातवंडं घेऊन लांबून आली होती. घरात तिला कुणी ओळखेना. माझ्या मुलीने विचारलं तर म्हणाली, "तुझ्या आईनं मले बाळंतपणात लुगडं देल्लं होतं." मला ती ओळखू आली होती. लुगडं दिलं असेलही. पण वर्षभर बालवाडीच्या पिशवीतून, चित्रांच्या पुस्तकांखाली घालून, तिच्या सासरी गोळ्यांची पाकिटं कुणी नेली ते तिला आणि मला माहीत होतं. तिच्या मुलालाही माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिला बसायला सांगितलं, जेवायला वाढलं. माझ्या मुलीला ती बाई कोण हे अजून ठाऊक नाही. इथे मी तिचं वय आणि नातीगोती थोडी बदलून लिहिली आहेत.

डिसेंबर २००५ पर्यंत कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, असं देशाने जाहीर केलं. आनंदाची गोष्ट होती, आमच्या आयुष्याचं काम होतं ते. पण त्याला 'निर्मूलन' म्हटलं गेलं आणि लोकांनी, वर्तमानपत्रांनी, काही डॉक्टरांनीही 'संपला' असं ऐकलं. घरोघर जाणारी आमची स्वतंत्र फळी हळूहळू सामान्य आरोग्यसेवेत मिसळली. ते धोरण म्हणून चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही; वेगळा दवाखाना, वेगळा कर्मचारी हाच एक शिक्का होता, तो पुसला गेला. पण चट्टा पाहिलेली नजर आमच्यासोबत निवृत्त झाली, आणि तिची जागा भरायला वेळ लागला. आजही भारतात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक, आणि महाराष्ट्र त्यात मागे नाही. त्यांत लहान मुलं असतात. मूल सापडलं याचा अर्थ त्याच्या आसपास कुणीतरी मोठा माणूस उपचाराशिवाय वावरतो आहे.

कायदेही बदलले, उशिरा का होईना. रोग्यांना डांबून ठेवायची मुभा देणारा १८९८चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून धरलं जायचं, ते २०१९ साली वगळलं. ज्या बायांना मी माहेरच्या ओसरीत एका कोपऱ्यात वेगळ्या ताटावर जेवताना पाहिलं, त्यांतल्या बहुतेक तोवर गेल्या होत्या.

आता आशाताई फिरतात. शोधमोहीम निघाली की त्या एका पुरुष स्वयंसेवकासोबत घरोघर येतात, खडूने भिंतीवर खूण करतात आणि पुढच्या घरी जातात. रुग्णाच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस देऊन लागण रोखायचं कामही अलीकडे सुरू झालं आहे. आमच्या गल्लीत त्या आल्या की मी सदरा काढून ओसरीत उभा राहतो. त्या लाजतात, "काका, तुमचं काय पाहायचं, तुम्ही तर आमचे गुरुजी." मी म्हणतो, पाहा. माझ्या शेजारच्या बंगल्यात मात्र त्यांना फाटकाशीच सांगतात, "आमच्याकडे असलं काही नाही." शहरातल्या सोसायटीत तर वॉचमनच परत पाठवतो. मोठी घरं गाळली गेली की मोहीम झोपडपट्टीत आणि पाड्यावर उरते, आणि मग हा रोग त्यांचाच आहे असं ठरून जातं. ओळ मोडते.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अंगावर रंग उतरलेला किंवा तांबूस चट्टा असेल, त्याला खाज नसेल, दुखत नसेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. आणि अंगावर काहीही नसलं तरी आशाताई दाराशी आली की तिला आत बोलवा, उजेडात उभे राहा, घरातल्या सगळ्यांना उभं करा. तुमचं घर तपासलं गेलं तरच पुढच्या घरातल्या माणसाला दार उघडता येईल.